ड्रायर फिरेना तेव्हा



पावसाची झड लागली, तीन दिवस ऊन पडलं नाही, की भोकरदनला माझ्या दुकानात एकच तक्रार येते, "भाऊ, ड्रायर फिरंना." राजूरहून येते, पिंपळगाव रेणुकाईहून येते. उन्हाळ्यात अंगणातल्या दोरीवर लुगडं बघता बघता वाळतं, तेव्हा ड्रायर कुणाला आठवत नाही. झडीत मात्र काळ्या मातीनं माखलेला शाळेचा गणवेश सकाळपर्यंत वाळवायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच मशीन रुसतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत सेमी ऑटोमॅटिक मशीन असतं. त्याच्या एका टबात कपडे धुतले जातात आणि दुसऱ्यात पिळून निघतात. ह्या दुसऱ्या टबालाच आपण ड्रायर म्हणतो. त्यात कपडे तापत नाहीत. टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो आणि त्या वेगानं पाणी जाळीतून बाहेर फेकलं जातं.

असं मशीन बंद पडलं, की लोक लगेच म्हणतात, "मोटर जळाली." माझा अनुभव असा, की मोटर सर्वात शेवटी तपासायची. मशीनचं काम एका क्रमानं चालतं. ते कुठपर्यंत पोहोचलं आणि कुठे अडलं, हे ओळखलं की अर्धी दुरुस्ती झाली.

टायमर फिरवला, झाकण लावलं, तरी काहीच आवाज नाही? मग वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. आधी त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण लावून पाहा. मग टायमर आणि झाकणाखालचा स्विच. झाकण नीट बसलं नाही तर हा स्विच लागत नाही आणि मोटर सुरू होत नाही. आणखी एक गोष्ट. शेताला लागून घर असेल तर मशीनच्या तळातून उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. मागचं झाकण उघडल्यावर पहिली नजर तिकडे टाकावी.

मोटर नुसती गुंगुं करते, पण टब फिरत नाही? मग वीज पोहोचली आहे, अडथळा पुढे आहे. प्लग काढा, झाकण लावलेलंच ठेवा आणि मागच्या बाजूनं मोटरची चकती हातानं फिरवून पाहा. सहज फिरली, तर संशय कपॅसिटरवर. आपण त्याला कंडेन्सर म्हणतो. ड्रायरच्या मोटरचा कंडेन्सर बहुधा ५ ते ६ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर लिहिलेला आकडा पाहूनच नवा घ्यावा. चकती फिरतच नसेल, तर ब्रेक पाहा. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. ही तार गंजून तुटली किंवा ढिली झाली, की ब्रेक धरूनच राहतो. मोजा किंवा नाणं टबाखाली अडकूनही असंच होतं.

एका काकूंचं मशीन "मोटर गेली" म्हणून भंगारात निघालं होतं. मी उघडलं तर ब्रेकची तार तुटलेली. तार बदलली, टब फिरला. काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी ते विकायला काढलं होतं!" तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हा क्रम समजावून सांगतो.

उलट, झाकण उघडल्यावरही टब बराच वेळ फिरत राहिला, तर ब्रेकचे शू झिजले आहेत. हा बिघाड सर्वात धोक्याचा. कपडे बाहेर आले तरी टब थांबेपर्यंत हात घालू नका. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

क्रमानं शोधायची ही रीत दुसऱ्या मुलखातही लागू पडते. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून अनेक घरांत गॅसवर हवा तापवणारा ड्रायर असतो. त्याच्या जुन्या ड्रायरमध्ये पिंप फिरायचं, पण कपडे ओलेच निघायचे. मी फोनवर विचारलं, "खालच्या झरोक्यातून बघ, पेटवणारी कांडी लाल होते का?" म्हणाला, "होते मामा, पण विझते, ज्योत येत नाही. पहिल्या फेरीत येते, नंतर येत नाही." म्हणजे कांडी ठीक होती. गॅसची झडप उघडणाऱ्या विजेच्या कॉइली तापल्यावर दम सोडत होत्या. जाणकाराकडून त्या बदलून घेतल्या आणि ड्रायर चालू लागला. त्याला मी आणखी एक सांगितलं, की बाहेर हवा सोडणारा पाइप आणि जाळी कापसासारख्या तंतूंनी भरू देऊ नकोस. गरम हवेत ते तंतू पेट घेतात.

आता जिवाची काळजी. मशीन उघडण्याआधी बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढा. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज उरते, त्याची टोकं उघड्या हातानं धरू नका. मशीनच्या पत्र्याला झिणझिणी येत असेल, तर चप्पल घालून वापरणं हा उपाय नव्हे. अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात कोरडी पडते, तिथे अधूनमधून पाणी ओता. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर वीज जमिनीकडे गळताच तो पुरवठा तोडतो. आणि गॅसचं काही असेल, शेगडी असो की ड्रायर, जोडावर साबणाचं पाणी लावूनच गळती बघा. काडी ओढून कधीही बघू नका. वास आला तर विजेचं बटणही दाबू नका. खिडक्या उघडा आणि रेग्युलेटर बंद करा.

श्रोतेहो, जुनं मशीन म्हणजे टाकाऊ मशीन नव्हे. ते घेताना कुणीतरी कापसाचे, मक्याचे पैसे मोजलेले असतात. म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. मशीन गप्प आहे, गुंगुं करतंय की फिरूनही कपडे ओले ठेवतंय, हे नीट पाहा आणि कारागिराला त्याच शब्दांत सांगा. आणि मोटर बदलायची असं तो म्हणाला, तर आधी ब्रेकची तार आणि कंडेन्सर तपासायला सांगा.