रक्ताचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने रक्तक्षयावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना अप्रस्तुत वाटेल. वैद्यकातला माझा अधिकार नाही. परंतु ज्या व्याधीने देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना ग्रासले आहे, ती केवळ वैद्यकाची बाब राहत नाही. ती वेतनाची आणि वाटपाची बाब होते. डॉक्टर एका रुग्णाचे रक्त तपासतो. एका संपूर्ण वर्गाच्या अंगात रक्त कमी का, हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५७ टक्के झाले. त्याच वयोगटातील पुरुषांत ते २५ टक्के होते. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातही स्त्रियांचा आकडा ४८ वरून ५४ टक्क्यांवर चढला. काही तज्ज्ञांचा आक्षेप असा की, बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर केलेले मोजमाप फुगून येते. आक्षेप विचारार्ह आहे. २०१६-१८ मध्ये शिरेतून रक्त घेऊन मुलांची राष्ट्रीय पोषण पाहणी झाली, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांतील प्रमाण ४१ टक्के भरले. बोटाच्या थेंबावरचे आकडे याहून बरेच मोठे होते. समजा, हा लहान आकडाच खरा. तरी दर पाच बालकांमागे दोन बालके उरतातच. तापमापकावरून भांडण करावे, पण तोवर ताप ओसरला असे समजू नये.

शरीरातील लोहाचा हिशेब गरीब घरच्या जमाखर्चासारखा असतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ती मोडली की तिच्यातले लोह शरीर पुन्हा वापरते, जुनी लुगडी उसवून गोधडी शिवावी तसे. तरीही पुरुषाच्या शरीरातून दररोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातेच. स्त्रीच्या बाबतीत मासिक स्राव धरून हा खर्च दीड ते दोन मिलिग्रॅम होतो. गर्भारपण आणि बाळंतपण यांचा खर्च सुमारे एक हजार मिलिग्रॅमचा. आणि जमेची बाजू? भाकरी-डाळीतल्या लोहापैकी जेमतेम पाच ते दहा टक्के अंगी लागते. मांसातले लोह त्याच्या कितीतरी पट शोषले जाते, पण ते ताटात येते केव्हा? म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली पुरुषासाठी दररोज १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. जिची गरज दीडपट, ती आपल्याकडे सर्वांच्या शेवटी जेवायला बसते आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल ते खाते. कोणत्याही अंदाजपत्रकात एवढी तूट आली, तर सरकार कोसळेल.

या तुटीत गळतीची भर पडते. उघड्यावरील विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायांवाटे अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. हिवताप तांबड्या पेशी फोडतो. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तो जन्मजात आहे आणि लोहाच्या गोळीने जात नाही. जेवणासोबतचा चहा लोह अंगी लागू देत नाही, हेही खरे. मात्र कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवून ज्यांची न्याहारी होते, त्यांना ‘चहा सोडा’ असा उपदेश करण्याआधी त्या भाकरीसोबत दुसरे काय मिळेल ते सांगितले पाहिजे.

परिणाम आपण सर्वांनी पाहिले आहेत. चार पायऱ्या चढून लागणारी धाप, छातीतील धडधड, डोळ्यांपुढची अंधारी. गर्भारपणी तीव्र रक्तक्षय असला की मूल कमी वजनाचे जन्मते. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर दुसरी बाई जिथे तगते तिथे ही दगावते. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत लोहाची उणीव राहिली, तर बालकाच्या मेंदूच्या वाढीतील नुकसान पुढे गोळ्या देऊनही पुरते भरून येत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. १९७९ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांवर चीक काढणाऱ्या मजुरांत रक्तक्षयी मजुराचे काम इतरांहून जवळजवळ एक पंचमांशाने कमी भरत होते. लोह दिल्यावर ते वाढले. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यात काही स्त्रियांना लोहाची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. रक्त वाढले तशी पानांची खुडणी वाढली, विशेषतः ज्यांचे रक्त फारच कमी होते त्यांची. हे निष्कर्ष मळेवाल्यांना आवडण्याजोगेच आहेत: यंत्राला वंगण घातले की उत्पादन वाढते! पण श्रीलंकेच्या अभ्यासाचा उरलेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. लोह मिळालेल्या स्त्रियांची नित्याच्या दिनक्रमातली हालचालही वाढली. म्हणजे रक्तक्षय मजुरी तर कापतोच, शिवाय माणसाच्या स्वतःच्या जगण्यातले तास हिरावून घेतो. आणि जिथे उक्ते काम आहे, तिथे चक्र पूर्ण होते: रक्त कमी म्हणून काम कमी, काम कमी म्हणून मजुरी कमी, मजुरी कमी म्हणून ताट रिकामे, आणि ताट रिकामे म्हणून पुन्हा रक्त कमी.

आपल्या दाराशी असलेले उक्ते काम म्हणजे ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनामागे दराने ती फेडायची. दोघांपैकी एकजण आजारी म्हणून बसला, तर खाडा धरून दंड. फडाजवळच्या कोपीत ना शौचालय ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढायचे. राज्य शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. अतिस्राव हा जमाखर्चातला फार मोठा खर्च. त्यावर औषध आहे, विश्रांती आहे. परंतु विश्रांतीचा दर दिवसाला एक खाडा असा असेल, तर अवयव काढून टाकणे ‘परवडते’. रक्ताचे पाणी करणे हा वाक्प्रचार आपण भाषणांतून सहज वापरतो. येथे तो अक्षरशः खरा आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा. २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आले. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी लोहयुक्त तांदळाची घोषणा झाली. गोळी उपयुक्त आहे. गर्भवतीने ती १८० दिवस घेतलीच पाहिजे, पोटात मळमळले तरी, आणि ‘मूल काळे होते’ ही समजूत आपण खोडून काढली पाहिजे. परंतु गेल्या पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव सांगतो की, ताट तसेच ठेवून वरून गोळी टाकण्याचे धोरण पुरे पडलेले नाही. १९५१ साली देशात दरडोई दररोज सुमारे ६१ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. शतक संपताना हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. गहू-तांदूळ वाढले, कोठारे भरली, आणि डाळ गरिबाच्या ताटातून सरकत गेली. रेशनवर धान्य मिळते, पण डाळ नियमाने मिळत नाही. अंगणवाडीत नि शाळेत अंडे द्यावे की नाही, यावर आपल्याकडे धर्माची चर्चा होते. अंड्यात लोह थोडेच, हे मान्य. पण रक्त बांधायला प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्वही लागते, आणि ती अंड्यात आहेत.

२०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला. संघटनेच्या बळावर मिळालेली ही वाढ लहान नाही. पण वाटाघाटीत आपण टनाचा दर मागतो, कमिशन मागतो. खाड्याचा दंड रद्द करा, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांची भरपाई द्या, ही मागणी यादीत अजून खालीच राहते. पुढच्या करारापूर्वी दसऱ्याच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात, तेव्हा आपल्यातल्या प्रत्येकाने एका तरी गावात आशाताईंना बरोबर घेऊन निघणाऱ्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, त्यांच्या परवानगीने नोंदवावे, आणि चैत्रात त्या परततील तेव्हा पुन्हा तपासावे. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून वाटाघाटीच्या टेबलावर ठेवा. टनाच्या हिशेबाची वही कारखान्याजवळ असते. ही वही आपल्याजवळ असली पाहिजे.