बाळसे की सूज?
(मंडळात दिलेल्या व्याख्यानावरून)



पोकळ भरभराटीला आपण ‘ही सूज आहे, बाळसे नव्हे’ असे म्हणतो. लेकरांच्या बाबतीत हा भेद अक्षरशः खरा असतो, आणि नेमका तेथेच आपण तो विसरतो. तीन-चार वर्षांचे मूल सकाळी उठते ते पापण्या फुगवून. दुपारपर्यंत सूज ओसरते. कोणी म्हणते जागरण झाले, कोणी म्हणते काहीतरी चावले. आजीला तर गाल भरल्याचेच समाधान. पुढे पाय व पोट सुजते, मोज्यांचे वळ उमटतात, वजन वाढते. लघवी मात्र कमी आणि फेसाळ होते.

हा बहुधा नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडातील गाळणी सैल होऊन रक्तातले अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज, लघवीतील हे प्रथिन आणि मूत्रपिंडाचा विकार यांचे नाते दाखवून दिले. त्या काळी चमच्यात लघवी तापवून ती साकळते का, ते पाहत. आज कागदी पट्टी बुडवली की तेच मिनिटभरात कळते. इतकी स्वस्त तपासणी राहून जावी, याचे आम्हांस नवल वाटते.

घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी, किंवा अंगावरील पुवाच्या फोडांनंतर काही आठवड्यांनी, लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘मुलांना कसला रक्तदाब?’ असे म्हणू नये. तो वाढून आकडीही येते. तान्ह्या मुलाला कारण न सापडणारा ताप आला, तर प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी लघवी तपासून घ्यावी. मुलग्याची धार थेंबथेंब पडत असेल तर तेही सांगावे.

नेफ्रॉटिकच्या बहुतेक मुलांची सूज प्रेडनिसोलोनने काही आठवड्यांत उतरते. आजार पुनःपुन्हा उलटतो, बहुधा सर्दी-पडशाच्या निमित्ताने. तरीही औषधाला दाद देणाऱ्या मुलांची मूत्रपिंडे सहसा शाबूत राहतात. औषधाने चेहरा गोल होतो, शेजारीपाजारी बोलतात, आणि आईवडील गोळ्या परस्पर थांबवतात. हे फार घातक, कारण दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकदम तोडता येत नाही. सूज असेतो पापड-लोणचे बंद. रोज सकाळची पट्टी आणि वजन वहीत टिपावे. मे महिन्यात मुले आजोळी, महाराष्ट्रात जातात, तेव्हा ती वही, पट्ट्या आणि गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.