वार्तेची वाट कोणाच्या हाती?

(लकडगंज येथे कामगार कार्यकर्ते व तरुण संगणककार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



लकडगंजात ओंडका कोठून आला हे विचारण्याची पद्धत जुनी आहे. आलापल्लीच्या किंवा बल्लारपूरच्या बाजूचे सागवान वनखात्याच्या आगारातून निघते, तेव्हा त्याच्या अंगावर हातोड्याची खूण असते आणि ट्रकचालकापाशी वाहतुकीचा परवाना असतो. बिनखुणेचा ओंडका आरामशीनवर चढवणारा अडचणीत येतो. लाकडाच्या बाबतीत बाळगली जाणारी ही दक्षता आपण बातमीच्या व आकड्याच्या बाबतीत बाळगत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी व १ जुलै रोजी, बदलत आलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यातील दोघा तरुणांनी एक छोटी आज्ञावली लिहिली. कामाचे दिवस सांगितले की कामगाराला किती रक्कम देणे लागते, ते ती सांगे. दरांचे कोष्टक तिच्यासोबत एका सार्वजनिक भांडारात, संगणककार ज्याला रिपॉझिटरी म्हणतात तेथे, ठेवलेले होते. नवे दर आले की कोष्टक बदलण्याचे काम माझ्याकडे होते. जुलैचे पत्रक मी वाचले, त्याची प्रत फायलीत लावली आणि भांडारात नोंद करावयास विसरलो. सप्टेंबरपर्यंत ती आज्ञावली जुना दर सांगत राहिली, आणि विचारावयास आलेला कामगार आपला हिशेब बरोबर आहे अशा समजुतीने परत गेला. त्याचे जे नुकसान झाले त्याचा धनी मी होतो.

बातमी वाचणे आणि भांडारात नोंद करणे यांच्यामधली ही वाट यंत्राच्या हवाली करता येते काय? येते, आणि तिची रचना फारशी अवघड नाही. नवा मजकूर प्रसिद्ध होताच त्याची वर्दी ठरलेल्या साच्यात देणारे प्रवाह, म्हणजे फीड, १९९९ पासून प्रचारात आहेत. त्यांच्या एका प्रकाराचे नाव आर. एस. एस. असे आहे. नागपुरात ही अक्षरे उच्चारताच श्रोत्यांचे लक्ष रेशीमबागेकडे वळते, म्हणून आधीच सांगतो की या नावाचा तिकडे काहीही संबंध नाही! असे अनेक प्रवाह एका ठिकाणी गोळा करून वाचकापुढे मांडणारे साधन म्हणजे फीड रीडर. प्रवाहातील प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळखक्रमांक देता येतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाखाली ‘संकेतांक क्रमांक’ छापलेला आपण पाहतो, तसाच हा प्रकार. यंत्र दर तासाला प्रवाह तपासते, क्रमांक पूर्वी पाहिलेला असेल तर नोंद सोडून देते, आणि नवा असेल व त्यात ‘विशेष भत्ता’ यासारखे शब्द असतील तर भांडारात एक सूचना उघडते: अमुक पत्रक आले आहे, कोष्टक तपासा. जेथे सरकारी पान असा प्रवाह देत नाही, तेथे यंत्राला ते पानच उतरवून घेऊन कालच्या पानाशी ताडून पाहावे लागते.

भांडाराकडे गिट नावाची व्यवस्था असेल, तर कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली हे सारे तेथे नोंदले जाते. प्रत्येक बदलावर सामान्यतः ४० अक्षरांची खूण उमटते. मागची एखादी नोंद कोणी गुपचूप फिरवली, तर तिच्या पुढच्या साऱ्या खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. वनखात्याचा हातोडा तो हाच. शिवाय ही वाट उलट दिशेनेही चालते. गिटहबसारखे भांडारगृह आपल्याकडील बदलांचाही प्रवाह देते. तेव्हा नागपुरात कोष्टक बदलले की त्याची वर्दी काटोल, उमरेड, भंडारा येथील कार्यकर्त्यांच्या फीड रीडरमध्ये आपोआप पोचू शकते.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. खरा प्रश्न मधल्या वाटेच्या मालकीचा आहे. गूगल रीडर २००५ साली निघाला, असंख्य लोकांनी आपले वाचन त्याच्यावर सोपवले, आणि १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. निरनिराळे प्रवाह जोडून देणारे याहू पाइप्स २०१५ साली बंद झाले. गिटचा जन्म तरी कशातून झाला? लिनक्सचे लेखक बिटकीपर नावाची खाजगी व्यवस्था सवलतीने वापरत होते. २००५ साली ती सवलत काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. ज्या गिटहबवर आज जगातील बहुसंख्य मुक्त आज्ञावल्या नांदतात, ते २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर्सना विकत घेतले. सरकारचा हातही दूर नाही. डिसेंबर २०१४ मध्ये भारत सरकारच्या आदेशाने ३२ संकेतस्थळांची वाट अडवली गेली, त्यात गिटहबही होते. आणि एक बारीकशी गोष्ट: सार्वजनिक भांडारात ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब त्यातील वेळापत्रकाने चालणारी कामे आपोआप थांबवते. सहा महिन्यांनी एकदा येणाऱ्या पत्रकाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही अट ध्यानी ठेवलीच पाहिजे. एरवी पहारेकरी झोपल्याचे आपल्याला जुलैतच कळेल.

म्हणून माझे सांगणे असे की, साधने वापरा, पण कोणत्याही एका दाराशी बांधले जाऊ नका. प्रवाहाचा साचा खुला आहे, गिट खुले आहे. गिटच्या पूर्ण प्रतीत सारा इतिहास सामावलेला असतो. ती प्रत संघटनेच्या कार्यालयातील जुन्या संगणकावरही ठेवता येते, आणि प्रवाह तपासणारी चार-दोन पानांची आज्ञावली तेथेच चालवता येते. विकेंद्रीकरणाचा आग्रह आपण सभांतून धरतो. तो येथे फारशा खर्चाविना आचरणात आणता येतो.

काही ज्येष्ठ साथी विचारतील, यंत्राचे एवढे कौतुक कशासाठी? १९६० च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तो चुकीचा होता काय? मुळीच नाही. यंत्रामुळे वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडतात, हा त्यांचा प्रश्न आजही जिवंत आहे. त्याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी नव्याने द्यावे लागते. आपल्या कामात यंत्र कोणाची भाकरी हिरावत नाही. कात्रण व नकलीत जाणारा कार्यकर्त्याचा तास ते मोकळा करते. तो तास आरामशीनवर कामगारांशी बोलण्यात गेला तरच ही सुधारणा. खुर्चीत गेला तर नव्हे.

निर्णय मात्र यंत्राकडे देऊ नये. २०२० च्या मार्चमध्ये देशभरातील स्वयंसेवकांनी कोविड१९इंडिया हा उपक्रम सुरू केला. राज्याराज्यांची पत्रके निरनिराळ्या स्वरूपांत येत, काही नुसती चित्रे असत. स्वयंसेवक ती वाचत, आकडे ताडून पाहत, नोंदवत. पुढे ते आकडे यंत्राच्या वाटेने गिटहबवरील खुल्या भांडारात जात, आणि पत्रकार व संशोधक ते तेथून घेत. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी तो उपक्रम थांबला. त्याने दिलेला धडा असा की, वाहून नेण्याचे काम यंत्राचे, आणि खरे-खोटे पाहण्याचे काम माणसाचे. दराच्या आकड्यात एक शून्य चुकले, तर यंत्र ते शून्य तितक्याच निष्ठेने तीन जिल्ह्यांत पोचवील. म्हणून यंत्राने सूचना उघडावी, आणि दोघांनी मूळ पत्रक वाचून सही केल्याखेरीज कोष्टक बदलू नये.

१९४८ चा किमान वेतन कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आहे. अशा संक्रमणकाळी पत्रकांवर नजर ठेवण्याची गरज वाढली आहे. तेव्हा कामगारांशी संबंधित प्रत्येक अधिसूचना खुल्या प्रवाहातून, यंत्राला वाचता येईल अशा मजकुरात मिळावी, ही मागणी आपण शासनाकडे केली पाहिजे. कागदाचे छायाचित्र चढवून ठेवणे म्हणजे प्रसिद्धी नव्हे.

तरुण मित्रांनी ही वाट बांधावी, आणि पहाऱ्यावर आम्हा म्हाताऱ्यांनाही बसवावे. पुढचा दर जाहीर होईल त्याच संध्याकाळी लकडगंजातील कामगाराला तो कळला, तर माझ्या त्या सप्टेंबरच्या चुकीची थोडी तरी भरपाई झाली असे मी मानीन.