एकट्याचे उड्डाण

घार पंख न हलवता घिरट्या घालते, ती कशाच्या जोरावर? तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढते, तिच्या. ग्लायडर हे बिनइंजिनाचे विमान त्याच हवेवर तरंगते. हडपसरच्या माळावर पुणेकरांनी ते पाहिलेले आहे.

गोष्ट मात्र इंग्लंडची. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तिथे टाळेबंदी आली आणि हौशी उड्डाणे थांबली. तुम्ही म्हणाल, आभाळात एकटा बसलेला माणूस कुणाला रोग देणार? खरे आहे. पण ग्लायडर आपण होऊन उठत नाही. एकजण दोर अडकवतो, एकजण पंखाचे टोक धरून धावतो, एकजण दूरवरच्या यंत्राने तो दोर भराभर गुंडाळतो. एकाला उडवायला चारजण लागतात!

मे महिन्यात मोकळीक मिळाली, ती एकट्याने उडणाऱ्यांना. जमिनीवर माणसामाणसांत २ मीटर अंतर. शिकाऊ बिचारा खालीच. कारण त्याचे गुरुजी बहुधा पाठीशीच बसतात, हातभर अंतरावर, एकाच झाकणाखाली.

शिक्षकबंधूंनो, आपणही त्या दिवसांत फोनवरून धडे दिलेत. पुस्तकातला धडा तसा देता येतो, निदान थोडाफार. पण वर चढणारी हवा लागली की बसल्या जागी जो हलका धक्का जाणवतो, तो फोनवरून कसा शिकवावा?

मुरलेल्यांचेही तेच. खंड पडला की हात बिचकतो. एरवी अशा वेळी गुरुजींना मागे बसवून एक फेरी मारतात. नेमकी तीच बंद होती.