पन्नास तासांची चावी



पुणतांबेकर मंडळींनो, हे माझ्या हातातलं घड्याळ. परवा गुरुवारी रात्री नऊला याला चावी दिली, त्यानंतर हात लावलेला नाही. आज शनिवार, सात वाजून गेलेत. म्हणजे 46 तास झाले आणि ते चालतंय. ज्या चांगदेवांनी चौदाशे वर्षं काळाला माघारी धाडलं, त्यांच्या समाधीच्या गावात मी 46 तासांचं कौतुक सांगायला आलोय. पण ऐका, कारण असलं घड्याळ तुमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी पडलेलं असू शकतं.

कंपनीचं नाव फाव्र-ल्युबा. आपण सगळे म्हणतो फेवर लुबा, मीही तेच म्हणणार. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचं 1737 सालापासूनचं हे घराणं. 1865 पासून त्यांचा मुंबईशी व्यापार. तुमच्या गावावरून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे 1878 ची. म्हणजे तुमच्या गावच्या रुळांच्याही आधी ही मंडळी आपल्याकडे पोचली होती. त्यांची सी-किंग, सी-चीफ ही घड्याळं आपल्याकडे बरीच खपली. लग्नात जावयाच्या मनगटावर फेवर लुबा बांधलं की मांडवात चर्चा व्हायची.

त्यातलं आज दुर्मीळ झालेलं, माझ्या हातातलं हे घड्याळ म्हणजे 'ट्विन पॉवर'. चावीच्या घड्याळाचा जीव असतो कमानीत. पोलादाची लांब पातळ पट्टी एका डबीत गुंडाळलेली असते, त्या डबीला बॅरल म्हणतात. चावी दिली की पट्टी आवळते आणि उलगडताना चाकं फिरवते. साध्या घड्याळात ती 36 ते 40 तास पुरते. जास्त तास हवे असतील तर कमान मोठी हवी, मग डबीही मोठी, आणि घड्याळ जाड होतं. फेवर लुबाने 1962 मध्ये एकाऐवजी दोन छोट्या डब्या बसवल्या. यंत्राची जाडी राहिली 2.95 मिलिमीटर, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी, आणि चाल मिळाली 50 तासांची.

आता कुणी म्हणेल, मग दोन दिवसांनी चावी दिली तरी चालेल! तसं करू नका, रोजच द्या. कमान सैल पडत जाते तसा तिचा जोर उतरतो, घड्याळाची गती राखणारं बॅलन्सचं चाक अर्धवट झोके घेऊ लागतं आणि वेळ चुकते. पन्नास तासांच्या कमानीतले पहिले चोवीसच वापरले, तर रोज ताज्या जोरावर घड्याळ चालतं. उरलेले सव्वीस तास राखीव. जास्त तासांची खरी किंमत या राखीव जोरात आहे. पुढे 2007 मध्ये जर्मनीच्या लांगे कंपनीने एका चावीवर 31 दिवस चालणारं घड्याळ केलं. त्यातही डब्या दोनच आहेत, फक्त एकेक कमान 1.85 मीटर लांब. ते मनगटावर चांगलंच जड पडतं. मला विचाराल तर कारागिरीचं मोठेपण त्या 2.95 मिलिमीटरमध्ये जास्त आहे.

एक दुखरी गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांचंही ट्विन पॉवर होतं. तबकडी पिवळी पडली म्हणून मी ते एका घड्याळजीकडे दिलं. आठवड्याने हातात आलं तेव्हा तबकडी गडद निळी, चकचकीत! अक्षरं जाडी आणि पसरलेली, सहाच्या आकड्याखालची 'स्विस मेड' ही बारीक ओळ पुसून गेलेली. आत पाहिलं तर यंत्र भलतंच. आपल्याकडची कितीतरी जुनी घड्याळं अशीच रंगवली गेली. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि दूर ठेवतात. ते नाव ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते मूळ घड्याळ आपल्याच माणसांनी आयुष्यभर सांभाळलेलं असतं.

म्हणून घरात असेल तर आधी भिंगाखाली धरा. मूळ छपाई केसासारखी रेखीव असते. मागचं झाकण जाणत्याकडून उघडून घ्या; पहिल्या ट्विन पॉवरच्या यंत्रावर 251 हा आकडा दिसेल. सफाई करा, तेल घाला. डाग राहू द्या.

माझं बोलणं एवढंच. आता पुढे या आणि हे कानाला लावा. मागे बसलेल्या आजींना आधी वाट द्या. त्यांनी मघाशीच खुणेने मागितलंय.