पडद्यावरचे आमचे भाऊबंद



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "टीव्ही." ते क्षणभर गप्प झाले. जन्मांध माणूस टीव्हीवर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असावे. किमान वेतनावर बोला, ऊसतोड कामगारांवर बोला, असे त्यांनी सुचवून पाहिले. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. ज्यांनी ऐकायला हवे ते मात्र ऐकत नाहीत. तेव्हा आज टीव्हीच.

आधी एक खुलासा. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणा नव्हे. लहानपणी 'मी' आणि 'तू' यांत आमची गल्लत होई. तहान लागली की आम्ही आईला म्हणत असू, "तुला पाणी पाहिजे." ती आम्हांला तसेच विचारी, म्हणून आम्हीही तसेच मागत असू. घरच्यांनी समजावून पाहिले, मारूनही पाहिले. शेवटी 'आम्ही' हा शब्द सापडला. त्यात चूक होण्याचे भय नव्हते. पुढे युनियनमध्ये आलो, तर तिथे सगळेच 'आम्ही' म्हणत. आमची सोय झाली.

बसल्या जागी झोके घेणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणत राहणे, कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून ओरडणे, या आमच्या खोडी. त्यांतल्या काही पुष्कळ अंध मुलांत दिसतात, म्हणून 'आंधळ्याची खोड' एवढेच आमचे निदान झाले. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची हकीकत लिहून या अवस्थेला ऑटिझम म्हटले. समोरच्याच्या डोळ्याला डोळा न देणे ही तिची एक मोठी खूण समजतात. ज्याची नजरच नाही त्याच्यात ती खूण कोण शोधणार? आपल्याकडच्या १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. आम्हांला स्वतःला हे नाव मिळाले वयाच्या ४८ व्या वर्षी.

मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. ज्यांनी शब्द काढला त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण या शब्दात निकाल आधी लागतो आणि चौकशी मागून होते. हा स्वतःत बुडालेला आहे, हे बाहेरून बघणाऱ्याचे मत झाले. आमच्याच तालुक्यातल्या जांब गावी ठोसरांचा नारायण अडगळीत एकटा जाऊन बसला होता, ही गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. काय करतोस म्हणून आईने विचारले, तेव्हा आपण जगाची काळजी वाहतो आहोत असे त्याने सांगितले म्हणतात. समर्थांना कसलेही लेबल लावण्याचा आमचा हेतू नाही, गैरसमज नसावा. आम्हांला त्या गोष्टीत आवडते ती आई. कोपऱ्यात बसलेल्या पोराविषयी तिने स्वतःच तर्क केला नाही, त्यालाच विचारले.

आता टीव्हीकडे येतो. २००९ साली 'आपकी अंतरा' नावाची हिंदी मालिका लागत असे. पाच वर्षांची एक स्वमग्न मुलगी वडिलांच्या संसारात नव्याने येऊन दाखल होते, अशी कथा. आमच्या बहिणीच्या घरी सगळे ती डोळे पुसत पाहत. आम्ही महिनाभर ऐकली, आणि आमच्या दृष्टीने त्या मालिकेत अंतराच नव्हती! ती फारसे बोलत नसे. तिच्याविषयी आई बोले, बाप बोले, शेजारीपाजारी बोलत आणि मागे सतार की सारंगी असे काहीतरी वाजे. जिची मालिका, तीच गैरहजर. हजेरीपटावर नाव आहे पण माणूस कामावर नाही, असा प्रकार आम्ही कारखान्यात पाहिला होता, मालिकेत प्रथमच पाहिला. तेव्हा तिचे आणि आमचे काही नाते आहे हे आम्हांला ठाऊकही नव्हते.

'बर्फी' हा २०१२ चा चित्रपट तर याहून अवघड. नायक मुकाबहिरा, नायिका झिलमिल स्वमग्न. दोघांचे प्रेम जुळते ते नजरेने आणि खाणाखुणांनी. पाहणाऱ्यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली, आणि ती खरीच असेल. आमच्या वाट्याला आली ती गाणी, पावलांचे आवाज आणि गोष्ट सांगणारी तिसरी बाई. बहिऱ्याला समजावा आणि आंधळ्याला समजू नये असा तो चित्रपट आहे. यात कुणाचा अपराध नाही, पण सांगितले पाहिजे.

'माय नेम इज खान' २०१० चा. तो वर्षभराने टीव्हीवर लागला तेव्हा आमची भाची शेजारी बसून आम्हांला सांगत होती. यातला रिझवान खान मात्र बोलतो, आपली गोष्ट आपणच सांगतो. त्याला पिवळ्या रंगाची भीती वाटते. आता पिवळा म्हणजे काय, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही, त्यामुळे त्या भीतीत आम्ही सहभागी होऊ शकलो नाही. पण कर्कश आवाज त्याला सोसत नाही, तिथे आम्ही सावरून बसलो. त्याची बायको संतापाच्या भरात त्याला म्हणते, जा, राष्ट्राध्यक्षाला जाऊन सांग की तू दहशतवादी नाहीस. आणि तो खरोखरच निघतो. घरातले हसले. आम्हांला हसू आले नाही. आमच्या पहिल्या वाटाघाटीत मालकांचा माणूस म्हणाला होता, "बघू या." आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. बघू या म्हणजे नाही, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. शिवाय आम्हांला 'बघू' म्हणण्यात काय अर्थ! तेव्हापासून आम्ही विचारतो, "केव्हा बघणार? तारीख लिहून द्या." या खोडीवर आमच्या युनियनचे बरेच करार झाले आहेत.

तर भाची सांगत होती, "मामा, त्याची मान एका बाजूला वाकडी आहे. तो कुणाकडे बघत नाही. आणि हात..." एवढे बोलून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मामा, हात तुमच्यासारखेच करतो तो."

आमचे हात काही करतात, हे आम्हांला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. डोळस मूल आरशात पाहते, दुसऱ्याकडे पाहते आणि आपण निराळे आहोत हे ओळखते. आम्हांला आरसा मिळाला तो बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून. त्या रात्री झोप आली नाही. निदानाकडे नेणारी वाट तिथून सुरू झाली. नटाचे सोंग बेतशीर होते की अतिरेकी, हा वाद जाणकारांनी करावा. त्या सोंगाचे ऋण आमच्यावर आहे.

तरीही एक तक्रार उरतेच. 'रेनमॅन' या १९८८ च्या अमेरिकन चित्रपटापासून स्वमग्न माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार, असा साचा पडला. गंमत अशी की ज्या किम पीकवरून ते पात्र सुचले, तो स्वमग्न नव्हताच, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. आंधळ्यांचे साचे त्याहून जुने. तो एक तर गाणारा सूरदास, नाही तर दारचा भिकारी. माधानचे गुलाबराव महाराज प्रज्ञाचक्षू होते, म्हणून प्रत्येक आंधळ्याने प्रज्ञाचक्षू असावे अशी लोकांची अपेक्षा. आणि नसला तर 'बिचारा'. आमच्यात दोन्ही साचे एकदम बसवू पाहणारे लोक आम्हांला भेटले आहेत. ते घाईघाईने एखादी जन्मतारीख सांगतात आणि वार विचारतात. आम्हांला वार सांगता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्याची कलमे सांगता येत, पण ती कुणी विचारत नाही.

सई परांजपे यांचा 'स्पर्श' आम्हांला आवडतो तो या साच्यांमुळेच. त्यातला अंध मुख्याध्यापक चिडका आहे, मानी आहे, प्रेमात पडूनही दयेच्या नुसत्या वासाने बिथरतो. शाळेतली मुले खरोखरीची अंध होती. आणि तो चित्रपट कानाला कळतो. सईबाईंची सुरुवात पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून झाली. आवाजाने प्रसंग उभा करणे त्यांना ठाऊक होते, असे आम्ही समजतो. २०२५ च्या 'सितारे ज़मीन पर'मध्ये दहा नवोदित नट आले, कुणी स्वमग्न, कुणी डाउन सिंड्रोमचे. गोष्ट ठरावीक वळणाची आहे, आणि पुष्कळसा वेळ शहाण्या माणसाला शहाणपण शिकवण्यातच जातो. पण आवाज त्यांचे स्वतःचे आहेत. शब्द कुठे घाईत, कुठे अडखळत, सूर भलत्याच जागी चढलेला. आमच्या सभांतली भाषणे ध्वनिमुद्रित करून आम्ही ऐकली आहेत. आम्ही तसेच बोलतो.

म्हणून आमची परीक्षा सोपी आहे. घरी जाऊन चित्र झाकून ठेवा आणि नुसते ऐका. ज्याची गोष्ट आहे तो बोलतो, की त्याच्याविषयी इतरच बोलतात? कामगार खोलीबाहेर उभा आणि त्याच्या मजुरीची बोलणी आत, अशा बैठकीवर आम्ही बहिष्कार टाकतो.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम सरकारला सांगते की अपंगांना ऑडिओ डिस्क्रिप्शन मिळाले पाहिजे, म्हणजे संवादांच्या मधल्या शांततेत पडद्यावर काय चालले आहे ते बोलून सांगितले पाहिजे. २०१९ साली टीव्हीसाठी निकष निघाले ते कर्णबधिरांपुरते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण' चित्रपट इंटरनेटवर आणताना हे वर्णन घालण्याचा आदेश दिला, तो अपंग अर्जदार कोर्टात गेले म्हणून. मार्च २०२४ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रोजच्या मालिका राहिल्याच, आणि खेड्यातल्या आंधळ्याची संध्याकाळ मालिकांवरच जाते.

पण समजा, उद्या वर्णन आले, तर ते लिहिणार कोण? 'तो विचित्रपणे हात हलवतो' असे लिहिले, तर विचित्र हा शब्द कुणाचा? भाचीशी आमचा यावरून वाद चालतो. ती आता शिक्षिका आहे. ती म्हणते, मामा, मला जे दिसते तेच मी सांगते. आम्ही म्हणतो, दिसते ते सांग, वाटते ते आमच्यावर सोड. ती म्हणते, दोन्ही वेगळे काढता येत नाही. तिचेही खरे असेल.

परवा एका मालिकेत असाच एक मुलगा आला. ती सांगता सांगता मध्येच गप्प झाली. आम्ही विचारले, "काय झाले?"

"काही नाही. तो नुसता बसला आहे."

"कसा बसला आहे?"

जाहिराती सुरू झाल्या, तरी ती सांगतच होती.