पटकीचा जंतू माणसाला मारतो कसा?



रोगजंतू शरीरात शिरतात आणि शरीर पोखरतात, असे वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते. वाक्य सोपे आहे, मुलांच्या ध्यानातही राहते. परंतु ते पुरते खरे नाही. घटसर्पाचा जंतू घशात बसतो आणि त्याचे विष रक्तावाटे जाऊन हृदय दुबळे करते. धनुर्वाताचा जंतू पायाच्या जखमेत असतो आणि मिटतो तो जबडा. जंतू आहे कोठे हा एक प्रश्न, तो अपाय करतो कसा हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर ठाऊक नसले म्हणजे उपचार उलटा होतो. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्याजोगे आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास पटकीचा, स्वल्पविरामासारखा वाकडा, जंतू वेगळा काढून दाखविला. परंतु रोगी नेमका कशाने मरतो, हे पुढे पाऊणशे वर्षे सिद्ध झाले नाही. ते १९५९ साली कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी केले. जंतू ज्या द्रवात वाढविले होते तो त्यांनी असा गाळून घेतला, की त्यात एकही जंतू उरू नये. तो द्रव सशाच्या दोन्हीकडे बांधलेल्या आतड्यात सोडला, तेव्हा ते आतडे पाण्याने फुगले. जंतूवाचून जंतूची करणी झाली! या शोधाची थोरवी स्वदेशात फार उशिरा ओळखली गेली, ही खेदाची गोष्ट होय.

पोटात गेलेले बहुतेक जंतू जठरातील आम्लातच मरतात. जे तरतात ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात. ते रक्तात उतरत नाहीत, अस्तर कुरतडीत नाहीत. विष तेवढे सोडतात. अस्तराच्या पेशीतून क्षार बाहेर सोडण्यास एक दार असते. पाटाचे दार उघडून कोणी मेख मारून ठेवावी आणि पाणक्याला ते लावता येऊ नये, तशी या दाराची अवस्था विषामुळे होते. क्षार आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात व क्षारांमागून पाणी. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, नाडी सापडेनाशी होते, आणि भरपाई न झाल्यास काही तासांत प्राण जातो. तांदळाच्या धुवणासारख्या त्या जुलाबांत असंख्य जंतू असतात. ते ओढ्याविहिरीस मिळाले, की पुढच्या घराची वाट मोकळी होते.

आता ‘जुलाब लागले, पाणी बंद करा’ ही समजूत किती घातक आहे ते उमगेल. पाजलेले पाणी तसेच बाहेर पडते, असे बायाबापड्या म्हणतात. नुसत्या पाण्यापुरते त्यात तथ्यही आहे. परंतु अस्तराला मीठ व साखर जोडीने आत घेणारे दुसरेही एक दार असते, आणि विष त्याला मुळीच धक्का लावीत नाही. त्या जोडीबरोबर पाणीही आत येते. साखर घालायची ती चवीसाठी नव्हे, ती याचसाठी. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-क्षारांचे पाणी पिंपांतून भरून ठेवले. नातलगांनीच ते रोग्यांना पाजले. जेथे शेकडा ३० पर्यंत माणसे दगावत होती, तेथे हे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले.

आरोग्यकेंद्रातील ओआरएसची पुडी सर्वांत उत्तम. ती नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सपाटच. मीठ अधिक झाले तर लहान मुलास अपाय होतो. अंगावरचे दूध तोडू नये. मूल पिईनासे झाले, गुंगीत गेले किंवा चिमटीत धरलेली कातडी लवकर पूर्ववत होईना, तर त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे व वाटेतही, शुद्धीवर असून गिळता येत असल्यास, पाजीत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरुवात करावी.